नवापूरची फळी

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुकलं असेल तर माफ करा... तशी ही वही वाचणार कोण म्हणा. मोबाईलवर एका ग्रुपात लोक असले अनुभव टाकतात. मी नुसती वाचते. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, तिथं लिहिणं तर लांबच. आणि खरं सांगू का, ते वाचून मी हसायचे. माझी आई म्हणायची, भूत असतं तर त्यालाही मी चार भाकरी थापायला लावल्या असत्या. तिच्याच हाताखाली मी वाढले.

आम्ही सरावलीला तळमजल्यावर राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर. हे कंपनीत कामाला आहेत. माहेर चाळीसगावकडचं, समुद्र पाहिला तो लग्नानंतर. मोबाईलवर बघून बघून मला जुन्याचं नवं करायचा नाद लागला. कंपन्यांतून निघालेल्या लाकडी पॅलेटचं टीपॉय, टायरला सुतळी गुंडाळून बसायचा मोडा, जुन्या साड्यांचे पडदे. आधी घरापुरतं होतं, मग शेजारणी मागायला लागल्या.

कॉलनीतल्या एका मॅडमनी माझं टीपॉय पाहिलं आणि बोलावून घेतलं. नवीन फ्लॅट, महिन्याने वास्तुशांत. "दाराशी किल्ल्या-पिशव्या अडकवायला काहीतरी वेगळं हवंय. जुन्या होडीचं लाकूड मिळेल का बघ." तीन हजार आगाऊ दिले. त्याच आठवड्यात मी त्यातून लाकूड घासायचं जुनं मशीन घेतलं. ह्यांना सांगितलं नाही.

आमच्याकडे समुद्रकाठच्या नवापूरहून हिराबाय मासे घेऊन येते. तिला विचारलं, "मावशी, कुणाची मोडकी होडी आहे का?"

"आमचीच हाय. सासऱ्याची. दोन वर्सं मागल्या दारी पडलीय." पाटी खाली ठेवत ती हसली. "म्हाताऱ्याला दिसत नाय आता. दिसत असतं तर तुला फळी दिली म्हनून माजंच लाकूड केलं असतं त्यानं."

दोन दिवसांनी टेम्पोतून तिने फळी पाठवली. नाळेची, म्हणजे होडीच्या तोंडाची. एका बाजूला निमुळती होत गेलेली, खिळ्यांची भोकं, वरच्या टोकाला जुन्या कुंकवाचा डाग. मी पाचशे रुपये दिले आणि तो डाग मशीनने घासून काढला.

चार दिवस उन्हात वाळवली. प्रायमर मारला, भिंतीला उभी केली. सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पाहिलं तर खालून वीतभर ओली. वरची रेघ अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी. मागची भिंत कोरडी. खालची फरशी कोरडी. दुपारी आपोआप वाळली आणि प्रायमर सालीसारखा सुटून आला. लाकडावर पांढरं काहीतरी उरलं होतं. बोटाने जिभेला लावलं... खारट.

मला वाटलं वरच्यांचा पाईप गळतो. वरच्या भाभीकडे गेले तर ती म्हणाली, "मेरा नल तो सुबह से सूखा है दीदी, आप ही एक बाल्टी दे दो."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला ओली. तिसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर. घरमालकाला पुरावा दाखवायचा म्हणून मी कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलने वेळ लिहायला लागले. फळी दुसऱ्या भिंतीला लावली. मग खोलीच्या मधोमध दोन मोड्यांवर आडवी टाकली. तरी ओली, आता निमुळत्या टोकाकडून. पुन्हा तशीच सरळ रेघ. स्वयंपाक करताना माझी पाठ त्या खोलीकडे व्हायची, आणि पाठीला सारखं वाटायचं की आत काहीतरी हळूहळू वर चढतंय. वास्तुशांतीला दहा दिवस उरले होते, फळीवर रंगाचा एक हात टिकत नव्हता आणि तीन हजार तर माझ्याकडे नव्हतेच.

हिराबाय आली तेव्हा पाणी प्यायला आत आली. कॅलेंडरपुढे थांबली.

"ह्या भरतीच्या येळा कशाला उतरवल्यास गं? छापल्यात की हितं."

तिने पान उलटलं. मागे तक्ता होता, भरती-ओहोटीचा. इतकी वर्षं कॅलेंडर भिंतीवर आहे, मी फक्त तिथी आणि दुधाचे खाडे बघते. माझी पेन्सिल आणि तो तक्ता... दोन-चार मिनिटांचा फरक. आमच्या खोलीपासून समुद्र रिक्षाने अर्ध्या तासावर आहे.

हिराबायला मी काही बोलले नाही. तेव्हा मला जे सुचलं त्याची अजून लाज वाटते. ओहोटीला फळी कोरडी असते. रंग नको, नुसतं तेल चोळायचं, हुक ठोकायचे आणि ओहोटी बघून मॅडमच्या घरी पोचवायची. पुढचं त्यांचं त्या बघतील.

हुकांच्या वर सामान ठेवायला एक छोटी फळी कमी पडत होती. ती बघायला मी भर दुपारी नवापूरला गेले. ओट्यावर हिराबायचा सासरा बसला होता, डोळे पांढरे झालेले.

"कोन?"

"सरावलीहून आलेय, बाबा. हिराबाय आहे का?"

त्याने आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "वली होते ना?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"तोंड हाय ते तिचं. पान्याकडं वळनारच. भिंतीला ठोकू नको तिला, पोरी." आणि मग, अगदी सहज, "कंदी आनतेस?"

"उद्या," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही.

आतून हिराबाय आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "देवाशपत, मी एक शबूद बोलले नाय त्याला. त्याला वाटतं होडी हाय तशीच हाय." तेव्हा मी तिला ओलीचं आणि भरतीचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोने फळी नेली. त्याच्या खाटेला लावून उभी केली. तक्ता बघून गेले होते. भरती झाली, लाटांचा आवाज घरात येत होता, पाणी पन्नास पावलांवर. मी आणि हिराबाय फळीसमोर बसून राहिलो.

कोरडी. शेवटपर्यंत कोरडी. म्हाताऱ्याने कुंकू घासून काढलेल्या त्या जागेवर हात ठेवला, बोटांनी चाचपली, आणि तसाच झोपला.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं, मशीनसकट. ह्यांनी मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "मशीन तरी चालतं ना नीट?"

मॅडमना सांगणं जास्त अवघड गेलं. "फळी नाही होणार," एवढंच म्हणाले.

"आणि माझे पैसे?"

"देते. दर महिन्याला थोडे थोडे."

सहा महिने मी मोडे गुंडाळले. सुतळीने बोटं सोलली. या काळात कितीदा विचार केला, पण त्या ओलीचा अर्थ मला लागलेला नाही. हिराबायलाही नाही. म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "काय इचारतेस त्यात?" अजून मी रोज कॅलेंडर उलटून भरतीची वेळ बघते आणि त्या वेळी भिंतीला हात लावून पाहते.

काल शेवटचे पाचशे घेऊन गेले. मॅडमनी नोट पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "आता तरी सांग, काय बिघडलं होतं त्या फळीचं?"

"ओली व्हायची, मॅडम."

"मग वाळवायची ना."

मी मान हलवली आणि जिना उतरले. तीन हजार पुरे फिटले.