कडी शिक्षा

बायको गेल्यानंतर चार माणसांत जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. सरकारी साधनांचा गैरवापर रोखणारा कायदा कडक करायचा होता आणि त्याच्या मसुद्यावर लोकांच्या सूचना ऐकायला शंकर नगरच्या एका सभागृहात बैठक ठेवली होती. मेहुणीने मला चौबे कॉलनीतून स्कूटरवर मागे बसवून नेलं. भीती वाटत होती, तरी स्कूटर आणखी जोरात जावी असंही वाटत होतं.

माझी सूचना एका वाक्याची होती. बायकोच्या आजारात तिला दवाखान्यात न्यायला रुग्णांसाठीची सरकारी गाडी ठरलेली असे. एका सकाळी आम्ही फाटकाशी वाट पाहत राहिलो. तिला उभं राहवेना, म्हणून मी आतून खुर्ची आणली. गाडी अभनपूरला गेली होती, कुणा साहेबाच्या घरचं वऱ्हाड पोचवायला. त्यामुळे बायको गेली असं मी म्हणणार नाही. आजारच मोठा होता. पण शेवटी केलेल्या ऑटोत दांडा धरून बसलेली ती एवढंच म्हणाली, "हे कुठंतरी सांगा हो." मी तक्रार केली. साहेबांना समज दिल्याचं उत्तर आलं. समज! माझी नोकरी वाचनालयात झाली. पुस्तकाचं पान फाडणाऱ्यालाही मी नुसती समज देऊन सोडत नसे.

माझी पाळी आली. माईकपाशी पोचेपर्यंत मी ते एक वाक्य मनात घोकत होतो. या हिंदी मुलखात घरात मराठी, बाहेर हिंदी, असा आमचा जन्म गेला. दोन्ही भाषा जिभेवर गुण्यागोविंदाने नांदतात. त्या क्षणी मात्र त्यांची सरमिसळ झाली.

"सरकारी गाड़ी का दुरुपयोग करनेवालों को," मी म्हणालो, "कड़ी शिक्षा मिलनी चाहिए!"

टाळ्या पडल्या. मंचावरच्या अधिकारी बाई प्रसन्न हसल्या. "बहुत सुंदर विचार है, अंकल जी. शिक्षा से ही सुधार होगा."

मी तरंगतच जागेवर आलो. मेहुणी पदराने तोंड दाबून बसली होती.

"भाऊजी, तुमी तर त्यायले शाळेत पाठवून राहिले!"

"काय?"

"हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण ना! पाहा तिकडे."

समोरच्या पडद्यावर माझी सूचना उमटली होती: दोषी कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण शिबिर.

पुढचे गृहस्थ बोलायला लागले होते. एकदा सूचनांची यादी वर सरकारकडे गेली की संपलं. कुणाचं बोलणं मध्ये तोडायचं मला कधी जमलेलं नाही.

"काहून बसून राहिले? उठा ना!"

मी उठलो. धावलोच म्हणा ना. "माफ करना भैया," म्हणत मी त्या गृहस्थांच्या हातून माईक घेतला. "मैडम, शिक्षा नहीं! सजा! जेल! मराठी में सजा को शिक्षा कहते हैं."

सभागृह खदखदून हसलं. मागून कुणी ओरडलं, "चाचा, एडमिशन कैंसल?"

"कैंसल!" मीही ओरडलो. मग हसू ओसरेपर्यंत थांबलो आणि फाटकापासून अभनपूरपर्यंत सगळं सांगितलं. बायकोसाठी आणलेली खुर्चीही सोडली नाही.

बाईंनी विचारलं, "एक गाड़ी के लिए जेल, अंकल जी?"

"मैडम, उस सुबह हमारे लिए वही एक थी."

बाईंनी बाजूच्या कारकुनाला खूण केली. पडद्यावरचं शिबिर एकेक अक्षर करून पुसलं गेलं. त्या जागी नवं वाक्य आलं: रुग्णांची गाडी खासगी कामाला वापरल्यास समज नव्हे, कारावास. बाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"यही लिखना है ना? ठीक है?"

पुढे कायद्यात त्यातलं किती उरेल ते वरच्यांच्या हाती. तरी मी पडद्यावरचं ते वाक्य आनंदाने पुन्हा एकदा वाचलं.

"हव," मी म्हणालो, "एकदम ठीक."