जाळे निकृष्ट, रविवारी या

ट्यूनिशियाच्या करकना बेटांवर, रमलाच्या टपाल कचेरीत त्या सकाळी जे रजिस्टर पत्र पडलं, ते देणारी मोंजिया होती आणि घेणारीही मोंजियाच होती. खिडकीबाहेर उभं राहून तिनं पाकीट आत सरकवलं, वळसा घालून आत आली, खुर्चीवर बसली, पाकिटावरचा ट्यूनिसचा पत्ता मोठ्यानं वाचला आणि मग स्वतःकडेच ओळखपत्र मागितलं. नियम म्हणजे नियम. ओळखपत्रावरचा फोटो जुना झालाय, असा शेराही मारला. रांगेत मागे उभी असलेली औषधवाली ओल्फा हसून हसून भिंतीला टेकली.

पाकिटात 'करकना जाळे विकास संस्था' होती. म्हणजे तिची घटना, तीन संस्थापकांच्या सह्या आणि सरकारला कळवायचा अर्ज. पोच परत आली तेव्हा तीही मोंजियानं मोंजियाला सही घेऊनच दिली.

क्रांतीनंतरचं ते दुसरं वर्ष. तीन माणसं कॉफीला बसली की उठेपर्यंत एक संस्था झालेली असायची. ही तीन माणसं म्हणजे मोंजिया, ओल्फा आणि निवृत्त मुख्याध्यापक सी रिधा. 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. दुखणं तसं साधं होतं. वारा सुटला की बेटांवरचं इंटरनेट जायचं, आणि करकन्यात वारा नसतो असे दिवस वर्षातून मोजून चार. कंपनीला लिहिलं, तर एवढ्याशा गिऱ्हाइकांसाठी नवा मनोरा परवडत नाही असं उत्तर आलं. ते वाचून मोंजियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपणच मनोरा उभारू, समोरच्या किनाऱ्यावरच्या सफाक्सहून जोडणी घेऊ आणि घरोघर आपणच वाटू, असं तिनं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

अठ्ठावन्न वर्षांची ही बाई त्याआधी एकवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होती. बेटावरची सगळी लग्नं, वाटण्या आणि भांडणं तिच्या कानांवरून गेलेली. म्हणून की काय, तिनं स्वतः लग्न का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. एक्स्चेंज बंद झालं आणि तिला तारेच्या आणि तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. जन्मभर तिनं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. एकदा तरी आपण बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असं तिला फार वाटायचं. संस्थेची अध्यक्ष तिलाच व्हायचं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

सी रिधांना मात्र तसा प्रश्नच पडला नव्हता. "अध्यक्ष मी होईन," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तू चिटणीस. इतिवृत्त कुणीतरी लिहायला हवंच ना, मोंजिया."

मोंजियानं त्यांच्या चहात एक चमचा साखर कमी घातली.

घटना तिनं सफाक्सच्या कॅनरी पाळणाऱ्यांच्या संस्थेकडून उतरवून घेतली होती. 'पक्षी' दिसला तिथे 'जाळे' लिहीत गेली. त्या घटनेत एक कलम होतं: साठ दिवसांत पहिली सर्वसाधारण सभा, निदान तीस सभासद हजर, त्यांनी अध्यक्ष निवडायचा. नाही जमलं तर संस्था आपोआप विसर्जित. कॅनरीवाल्यांना तीस माणसं म्हणजे काहीच नाही. इकडे सत्तावन्न दिवस उलटले तरी सभासद अकरा, आणि त्यातले चार ओल्फाच्या घरचे.

"मोंजिया, संस्था मरतेय गं," ओल्फा म्हणाली.

"मरत नाही. जाहिरात लावू."

जाहिरात लिहायला बसली तेव्हा आधी पानभर मजकूर झाला. मग खोड आडवी आली. तारेच्या खिडकीवर शब्दागणिक पैसे घेण्यात वर्षं गेलेली. जास्तीचा शब्द दिसला की हात आपोआप काट मारायचा. 'जाळे'च्या आधीचं 'माहितीचे' गेलं, 'आंतरराष्ट्रीय' गेलं, 'आदरणीय बंधुभगिनींनो' तर पहिल्याच फटक्यात गेलं. उरलं ते असं: 'जाळे निकृष्ट. सहन पुरे. रविवारी दहा, रमला शाळा. सभासद व्हा. मोंजिया.'

आमच्याकडे माशाचं जाळं तेही शबका आणि इंटरनेटचं जाळं तेही शबका. मराठीतही तसंच आहे म्हणा. त्यात त्या हंगामात बाजारात आलेली नायलॉनची जाळी दुसऱ्याच खेपेला फाटत होती, आणि अख्खा धक्का त्यावर संतापलेला. मोंजियाला याचा पत्ता नव्हता. तिनं त्या चिठ्ठ्या धक्क्यावर, मासळीबाजारात आणि दोन्ही कॉफीच्या दुकानांत डकवल्या.

रविवारी पावणेदहाला शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. करकन्यातला कोळी न् कोळी आलेला, आणि बहुतेकांच्या खांद्यावर जाळी. ओल्फाकडची पावत्यांची वही संपली, तेव्हा ती औषधांच्या चिठ्ठ्यांमागे नावं लिहू लागली. एकशे चौदा सभासद झाले! मोंजियाचे पाय जमिनीला लागेनात. ती या बाकावरून त्या बाकाकडे, चहाच्या पेल्यांमधून नुसती पळत होती. समोर येईल त्याचा हात हलवत होती, आणि एकदा तर तिनं भिंतीला टेकलेल्या वल्ह्यालाच 'सुस्वागतम्' म्हटलं.

बहात्तर वर्षांचे खमैसकाका पुढे आले. बोटवाल्यांत त्यांचा शब्द शेवटचा. मोंजियाला ते मानानं 'लल्ला' म्हणत. त्यांनी एक जाळं धाडकन टेबलावर टाकलं.

"वारा आला की तुटतं बघ, लल्ला."

"तेच तर माझं रडगाणं आहे, काका! वारा आला की तुटतंच."

"गाठच कच्ची."

"सांधा कच्चा असणार, मलाही तोच संशय."

"आणि भोकं केवढी! खेकडा निसटून जातो."

मोंजियाचा हात पेल्यासकट हवेत राहिला. तिनं जाळ्याकडे पाहिलं, मग अंगणभर पसरलेल्या जाळ्यांकडे पाहिलं, आणि कोण कशासाठी आलंय ते तिला कळलं.

सी रिधा तिच्या कानाशी आले. "गप्प राहा. सह्या झाल्यात, आज साठावा दिवस आहे. मतदान उरकू, मग सावकाश सांगू."

ते काही खोटं बोलत नव्हते. गप्प राहिलं तर संस्था जगत होती, बोललं तर अकरा सभासद उरणार होते आणि संध्याकाळपर्यंत सगळा खेळ खलास. मोंजियाला रडू येत होतं. ती बाकावर चढली.

"भावांनो, घोटाळा झाला. माझ्याकडून झाला. हे जाळं ते जाळं नव्हे. हे इंटरनेटचं. ज्यांना जायचं त्यांनी वर्गणी परत घ्यावी आणि मला माफ करावं."

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे बाईनं सापळा लावला आणि आपण शिरलो की रे आत!" आणि जे हसू फुटलं, ते शाळेच्या छपरावरची कबुतरं उडेपर्यंत थांबलं नाही. तरी हसता हसता वीसेक जणांनी जाळी खांद्यावर टाकलीच आणि ते फाटकाकडे निघाले. त्यांच्यामागे आणखी काही उठले.

"थांबा रे," खमैसकाका म्हणाले. "चहा अर्धा टाकून कुठे चाललात? लल्ला, तुझं हे जाळं कुणाचं?"

"सगळ्यांचं, काका."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. आम्हाला कळेल असं सांग."

मोंजियानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला शरफिया आठवली. उथळ समुद्रात खजुरीच्या झावळ्या रोवून केलेलं कुंपण, भरतीच्या प्रवाहाबरोबर मासा त्यात शिरतो. इथल्या प्रत्येक घराचा समुद्रातला तुकडा ठरलेला असतो. "सफाक्सहून प्रवाह येणार," ती म्हणाली. "मनोऱ्यावरून बेटभर वाहणार. ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची शरफिया."

"वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशी कळेल?" फाटकातून एकानं विचारलं.

"तासातासाला कळेल."

"आणि सफाक्सला ऑक्टोपस काय भावानं चाललाय ते?"

"बोट सोडायच्या आधी."

फाटकातली माणसं परत येऊन बसली. काकांचं मात्र समाधान झालं नव्हतं. "मनोऱ्याशेजारी ज्याचं घर, तो मधेच कुंपण घालून खालच्यांचं पाणी तोडेल, त्याचं काय?"

 या गोष्टीचा विचारच मोंजियानं केला नव्हता. तिच्या घटनेतही त्यावर एक अक्षर नव्हतं.

मग काय विचारता! समुद्राचा कायदा ज्याला त्याला तोंडपाठ, आणि ज्याला त्याला तो आत्ताच सांगायचा होता. अर्धा तास कुणीही कुणाचं ऐकलं नाही. शेवटी ओल्फानं घटनेत अकरावं कलम शोधून काढलं. 'कॅनरीस उन्हात टांगू नये' हे तिथे तसंच राहून गेलं होतं. ते खोडून तिथे धक्क्याचं कलम आलं: 'वरच्याने खालच्याचा प्रवाह अडवू नये, आणि कुणाकडे काय वाहत गेले याची चौकशी करू नये.'

"दुसरं वाक्य लल्लासाठी आहे," एक म्हातारा म्हणाला. "आमची बोलणी एकवीस वर्षं ऐकलीयत तिनं." मोंजिया कानापर्यंत लाल झाली, पण तेही तिनं जसंच्या तसं लिहून घेतलं.

राहिली निवडणूक. सी रिधांनी कोटाची बटणं लावली आणि ज्ञानयुगावर चांगलं लांबलचक बोलले. कोळ्यांनी निमूट ऐकलं. त्यातल्या निम्म्यांनी याच अंगणात त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या.

"सर," खमैसकाका म्हणाले, "तुमच्याइतकं ज्ञान आमच्या सात पिढ्यांत नाही. पण कागदावर अध्यक्षाला 'रइस' म्हटलंय, 'रइस' निवडा. आमच्याकडे रइस म्हणजे बोटीचा तांडेल. जाळं रिकामं आलं तर रिकामं आलं, असं सगळ्यांच्या तोंडावर सांगतो तो. मघाशी ते कुणी सांगितलं?"

हात वर गेले. मोजायचं काम ओल्फाचं. तिनं दोनदा मोजले आणि तिसऱ्यांदा मोजताना तिला हुंदकाच फुटला. सी रिधांनी चष्मा पुसला, आणि मग त्यांचाही हात वर गेला.

अंगण हळूहळू रिकामं होऊ लागलं. मोंजिया पाठमोरी वाकून बाकांखालचे पेले गोळा करत होती. काही तरी करत राहिलं नाही तर आपण नाचू लागू, अशी तिला धास्ती होती. फाटकापाशी पोचलेल्या खमैसकाकांनी तिथूनच आवाज दिला,

"ए रइस!"

अंगणातल्या बावीस तांडेलांनी एकदम मागे वळून पाहिलं.

"तुम्ही नव्हे रे, गाढवांनो," काका म्हणाले आणि पुन्हा हाक मारली. तेव्हा कुठे मोंजियानं हातातले पेले खाली ठेवले आणि ती वळली.