अर्ध्या जहाजाची नोंद

नोकरीत मोठे गुन्हे पाहिले, पण त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. हा गुन्हा मात्र लहान असूनही आठवड्यातल्या वारांसकट लक्षात राहिला आहे. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींचीसुद्धा बातमी आली नव्हती. तो लिहावा की नाही, याबद्दल माझ्या मनात बरीच वर्षे संकोच होता, कारण त्यात माझा स्वतःचाही थोडा भाग आहे. नावे कोणाचीच देत नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात शिपाई होतो. सकाळी कॉलेजात बी.ए.चे वर्ग करायचे आणि अकरापासून ड्युटी, असा दिनक्रम होता. माझे घर सायखेड्याजवळच्या एका गावातल्या बौद्धवाड्यात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो. प्रश्न विचारायची हिंमत होत नसे. आपले काही चुकेल आणि सगळे वळून बघतील, असे वाटायचे.

ठाण्यात माझ्याकडे चारित्र्य पडताळणीचे टेबल होते. कोणाला कारखान्यात किंवा सरकारी खात्यात नोकरी लागली की त्याचा कागद आमच्याकडे यायचा. गुन्हे रजिस्टर तपासायचे, नाव नसेल तर 'नोंद नाही' असे लिहून साहेबांच्या सहीने कागद पाठवायचा. एका शब्दावर माणसाची भाकरी अवलंबून असते, हे मला त्या टेबलावर कळले.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ तेव्हा एक व्हिडिओ गेमचे पार्लर होते. चार मशिन, एका रुपयाला एक डाव. पार्लरला लागून घड्याळ दुरुस्तीची टपरी होती. त्या टपरीवाल्या काकांनी एक जाड वही सुतळीने टांगून ठेवली होती. पार्लरमध्ये खेळणारे तिच्यात लिहायचे. कोणता खेळ नवा आला, कोणत्या टप्प्यावर काय करायचे, पंचवटीत दुपारी रुपयात दोन डाव मिळतात, असे सगळे. मुंबईच्या एका इंग्रजी मासिकात खेळांवर लेख यायचा, त्याच्यावरही वहीत कडक टीका असायची. एकाने लिहिले होते, 'या लेखकाने खेळ खेळलेला नाही. मशिनवरची माहिती उतरवून काढली आहे. चौथा टप्पा अवघड आहे म्हणतो, या खेळाला टप्पे तीनच आहेत.'

काकांचे दोन नियम होते. स्वतः खेळलेलेच लिहायचे, दुसऱ्याकडून कळलेले असेल तर वर 'ऐकीव' असा शब्द टाकायचा. आणि खरे नाव लिहायचे नाही, टोपणनाव घ्यायचे. हा दुसरा नियम घरच्यांना भिणाऱ्या मुलांसाठी होता. मला मात्र तो फार मोलाचा वाटला. नाशिकला आल्यापासून कोणीही भेटला की तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारायचा. त्या वहीत कोणी विचारत नव्हते. आता माझी नात फोनवर कुठल्या कुठल्या खेळांवर लोकांशी वाद घालते, त्यांना तिने कधी पाहिलेलेही नसते. तिला त्याचे काही वाटत नाही. मला तिचा हेवा वाटतो.

मी कॉलेज सुटले की ड्युटीआधी साध्या कपड्यांत तिथे जायचो. माझे टोपणनाव 'नवशिक्या'. पोलिसात आहे हे कोणाला माहीत नव्हते. केस बारीक असायचे म्हणून, एकदा जहाजांच्या खेळात माझा नेम हुकला तेव्हा, कोणीतरी म्हणाले, "एनसीसीत आहेस का रे? तरी नेम असा कसा तुझा? एवढं मोठं जहाज समोरून गेलं, त्याला नमस्कार केलास का?"

"पाहुणं होतं," मी म्हणालो.

सगळे हसले. मी बोललो आणि चारचौघे हसले, असे शहरात पहिल्यांदाच झाले होते.

एका सोमवारी पार्लरचा मालक ठाण्यात फिर्याद द्यायला आला. जहाजांच्या खेळाच्या मशिनमधला बोर्ड चोरीला गेला होता. बोर्ड म्हणजे सर्किटची पाटी, सगळा खेळ तिच्यात असतो. ती काढली की उरते नुसते लाकडी खोके. कुलूप तुटलेले नव्हते. मालक म्हणाला, "किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक मिस्त्रीकडे."

मिस्त्री म्हणजे मशिनची दुरुस्ती करणारा तरुण, देवळ्याकडचा. वय चोवीसच्या आसपास. दुपारी आमचा खबरी आला. त्याची द्वारकेला फळांची गाडी होती. त्याने रविवारी दुपारी मिस्त्रीला पार्लरमधून पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिले होते. झाले, मिस्त्रीला बोलावून बाकावर बसवले.

त्याचे नाव ऐकताच मी टेबलाचा खण उघडला. सातपूरच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली होती. पडताळणीचा कागद माझ्याकडेच होता आणि शनिवारपर्यंत पोहोचवायचा होता.

मी कागद साहेबांना दाखवला. साहेब म्हणजे आमचे निरीक्षक, माणूस वाईट नव्हता, पण कामाचा डोंगर होता. म्हणाले, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर त्याला अटक दाखवू. मग तू लिही, गुन्हा तपासावर आहे."

"साहेब, मग त्याची नोकरी जाईल."

"मग बोर्ड आणून दे. बी.ए. होतोयस ना?"

दोन दिवस मिस्त्रीची चौकशी चालली. पिशवीत हत्यारे होती, एवढेच तो सांगत होता. हवालदारांनी आवाज चढवला तेव्हा तो घरच्या बोलीवर गेला, "साहेब, मी चोर नही शे." मग एकदम चिडला. चिडला तो कशावर, तर पंचनामा करताना आमच्या लोकांनी मशिनचे मागचे दार उघडे टाकले यावर. "आत लय धूळ जाते साहेब. पडदा जाईल कामातनं. कोणी लावलं का नाय ते दार?"

मला तिथे शंका आली. खोटे बोलणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, त्याला धुळीची काळजी नसते. पण शिपायाची शंका डायरीत घेत नाहीत.

पाणी द्यायला गेलो तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही शिकलेले दिसता. मला सांगा, बोर्ड चोरून मी लावू कुठं? सायकल हाय का ती, कोणी बी घेईल? ज्याच्याकडं तसलं मशिन, त्यालाच त्याचा उपयोग." थोडे थांबून म्हणाला, "आईनं गावात सांगून टाकलंय, पोराला कंपनी लागली म्हणून."

गुरुवारी सकाळी कॉलेजमधून टपरीवर गेलो. वहीत आदल्या दिवशीची नवी नोंद होती. लिहिणारा 'डावखुरा'. वहीतला सर्वांत चांगला लिहिणारा तोच. कोणत्याही खेळाबद्दल तो आधी चांगले काय ते लिहायचा, मग दोष. त्याने लिहिले होते:

'दुरुस्ती. मंगळवारी मालेगावला मावशीकडे गेलो होतो. तिथल्या पार्लरला जहाजांचा खेळ नवा आला आहे. तिसऱ्या टप्प्यात उजवीकडून येणारे जहाज तिथेही अर्धेच दिसते. म्हणजे हा दोष आपल्या मशिनचा नसून खेळाचाच आहे. मी याच वहीत मालकाला नावे ठेवली होती, ती मागे घेतो. स्वतः खेळून पाहिले.'

मी ती नोंद तीन वेळा वाचली. मग तसाच धावत ठाण्यात गेलो आणि बाकावरच्या मिस्त्रीला विचारले, "ते अर्धं जहाज. दोष खेळाचा की बोर्डाचा?"

"बोर्डाचा," तो लगेच म्हणाला. "मुंबईत काम शिकलो तिथं हाच खेळ होता, जहाज पुरं दिसायचं. पडद्याचा दोष असंल तर तो खोक्याबरोबर राहतो. चित्रातला दोष बोर्डाबरोबर जातो. का हो?"

"तो बोर्ड पाहिलास तर ओळखशील?"

"माझ्या हातचा टाका हाय त्याच्यावर. मागच्या बाजूला निळी वायर, मधोमध काळी पट्टी गुंडाळलेली."

मी साहेबांकडे गेलो आणि सांगितले, मालेगावला अर्धे जहाज दिसते तो बोर्ड आपलाच असणार. त्यांनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "वहीतल्या टोपणनावावर मी मालेगावला झडती घेऊ? तो माणूस आण. जबाब पाहिजे, सहीनिशी."

डावखुरा कोण, हे मला माहीत नव्हते. वहीतला माणूस प्रत्यक्षात कोणता, हे न विचारण्याचीच तिथली रीत होती. साध्या कपड्यांतच टपरीवर परत जाऊन काकांना विचारले तर ते भिंगातून डोळाही न काढता म्हणाले, "नवशिक्या, नियम माहिती आहे ना तुला? मी सांगायला लागलो तर उद्या वहीत लिहील कोण?"

आता एकच वाट होती. मी वही ओढली आणि लिहिले, 'मालेगावच्या मशिनबद्दल लिहिणाऱ्याने कृपा करून आज पोलीस ठाण्यात येऊन मला भेटावे. त्याच्यावर काहीही आळ नाही. एका निर्दोष माणसाची नोकरी अडली आहे.' खाली 'नवशिक्या' लिहून चालले नसते. कोणाला विचारायचे, हे त्याला कळायला हवे होते. मी माझे पूर्ण नाव लिहिले, आडनावासह, आणि बक्कल नंबर. लिहिताना हात थांबला नाही, असे खोटे कशाला सांगू?

काकांनी ते वाचले. मघाशी अरे-तुरे करणारे काका आता म्हणाले, "चहा घेणार का तुम्ही?"

पाचच्या सुमारास एक सडपातळ मुलगा ठाण्याच्या दारात उभा राहिला. आत येईना. मी बाहेर गेलो आणि दोघेही चकित झालो. तो माझ्याच वर्गातला होता, दोन बाक पुढे बसणारा. पार्लरला तो बहुतेक संध्याकाळी यायचा, म्हणून तिथे आमची गाठ पडली नव्हती, आणि वर्गात वर्षभरात आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

"घरी कळेल का?" त्याने विचारले. "मंगळवारी मी जादा तासाला गेलो असं सांगितलंय."

"कोर्टात जावं लागलं तर कळेल. मी खोटं सांगणार नाही."

त्याने पायाने माती उकरली. मग त्याने जे विचारले त्याची मला अपेक्षा नव्हती.

"बोर्ड मालेगावला कोणी नेला असेल? किल्ली मिस्त्रीकडे, नाहीतर मालकाकडे. मिस्त्री नसेल तर... पार्लर बंद होईल ना?"

"बहुतेक."

"आणि वही?"

"ती पुरावा म्हणून जमा करावी लागेल."

"तुम्हाला माहितीये, मी दिवसभरात दुसरीकडे कुठं बोलतच नाही?"

मी म्हणालो, "मीसुद्धा."

त्यानंतर तो आत आला आणि त्याने जबाब दिला. प्रत्येक वाक्याला 'हे मी पाहिलं', 'हे मला वाटलं' असे वेगळे करून सांगत होता. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले, "असा साक्षीदार जन्मात नाही मिळाला." पुढे कायद्याच्या पुस्तकात ऐकीव पुराव्याचे प्रकरण वाचले तेव्हा ते मला आधीच येत होते.

मिस्त्रीने सांगितलेली निळ्या वायरची खूण आम्ही बोर्ड पाहण्याआधीच जबाबात घेतली. शुक्रवारी सकाळी मालेगाव. दोन पंचांसमोर मशिन उघडले. निळी वायर, मधोमध काळी पट्टी. तिथल्या पार्लरवाल्याने काहीही न लपवता विक्रीचा कागद पुढे केला. त्यावर आमच्या फिर्यादीची, म्हणजे द्वारकेच्या पार्लरमालकाची, सही होती. त्याने बोर्ड रविवारी संध्याकाळी स्वतः आणून विकला होता.

दुपारी मालकाला साहेबांसमोर बसवले. साहेबांनी विक्रीचा कागद त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. एवढ्यावर तो कोसळला. बोर्ड मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून भाड्याने आणलेला होता. व्यापारी तो परत मागायला लागला, तेव्हा परत द्यावा लागू नये म्हणून गुपचूप विकला आणि चोरीची फिर्याद दिली. मिस्त्री तसाही नोकरी सोडून चाललाच होता, त्याच्यावर ढकलणे सोपे वाटले.

"त्याची नोकरी गेली असती," साहेब म्हणाले.

"दुसरी मिळाली असती साहेब, हुशार पोरगा आहे," मालक म्हणाला. हे तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच मला सर्वांत भयंकर वाटले.

शनिवारी दहा वाजता मी पडताळणीच्या कागदावर 'नोंद नाही' असे लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा चांगले काढले. मिस्त्री कागद घेऊन गेला. दारातून परत वळून हवालदारांना म्हणाला, "ते मागचं दार तेवढं लावून घ्या, साहेब."

या तपासाने मला काय शिकवले? फिर्याद घेऊन येणाऱ्यालाही तितकेच प्रश्न विचारावेत, हे तर शिकलोच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, खरे बोलणारी माणसे फार साध्या जागी असतात. पैसा नाही, नाव नाही, तरी एक मुलगा आपली चूक झाली असे वाटल्यावर वहीत दुरुस्ती लिहितो. त्याची दुरुस्तीच चुकीची होती, पण प्रामाणिक होती, म्हणून उपयोगी पडली. पुढे अधिकारी झाल्यावर मी हाताखालच्या लोकांना सांगत असे, माणूस स्वतःच्या विरुद्ध काय बोलतो ते नीट ऐका.

पार्लर बंद झाले. वही मुद्देमालात गेली. निकालानंतर मी ती परत मिळावी म्हणून दोनदा तोंडी विचारले. नाश करण्याचा आदेश झालेला होता.

पावसाळ्यानंतर काकांनी नवी वही टांगली. शेजारच्या गल्लीत दुसरे पार्लर निघाले होते. मला बातमी लागली तेव्हा मी कॉलेजमधून तिकडे वळलो. सगळे होते, डावखुराही. टपरीपुढच्या एकुलत्या एका बाकावर पाच-सहा जण नेहमीसारखे दाटीने, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून वाचत बसले होते. कशावरून तरी जोरात वाद चालला होता. मला पाहिले आणि सगळे गप्प झाले. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, हे मी खात्रीने सांगतो. डावखुरा तर हसला. पण ते सगळे उठले, सरकले, आणि मला बसायला अर्धा बाक मोकळा करून दिला.

मी उभाच राहिलो. "ड्युटी आहे," म्हणालो, आणि निघालो.

त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती.