दस्तगीरचाचांचा नियम

दस्तगीरचाचांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा शेजारी गरम भाकऱ्यांची चवड वाफाळत होती आणि हे गृहस्थ कालची भाकरी रश्श्यात कुस्करून शांतपणे खात होते. त्यांची सून मला म्हणाली, "मॅडम, ह्यांच्या नशिबात ताजी भाकरी न्हाईच. रोज कालची संपवत्यात, न् आजची उद्यासाठी उरत्या." चाचांनी मान वर केली नाही. "आधी आलंय ते आधी जाईल," ते म्हणाले. "भाकरीला काय येगळा नियम हाय?"

हा नियम त्यांनी कारखान्यातून घरी आणला होता. आमच्याकडे पंपांचे भाग ओततात. चाचांनी तिथलं स्टोअर तीस वर्षं सांभाळलं आणि मी एचआरला लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. माल आला की खोक्यावर तांबड्या खडूनं तारीख पडायची, नवं मागच्या फळीवर जायचं आणि जुनं पुढं यायचं. एखाद्या फोरमननं नव्या खोक्याला हात लावला की चाचा चष्म्यावरून बघायचे. "का, पावणं? जुन्याला काय खरूज झालीया?" फोरमन मुकाट्यानं जुनं घेऊन जायचा. तपासणीला येणारी माणसंसुद्धा त्यांचं कौतुक करायची, कारण मुदत संपून फुकट गेलेला रंगाचा वा रसायनाचा एक डबा त्यांच्या फळ्यांवर सापडत नसे. "माझ्या स्टोअरात काय कुजत न्हाय," ते मला दर वर्षी एकदा तरी ऐकवत. त्यांचा मला अभिमान वाटायचा. थोडी भीतीही वाटायची.

महापुराच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आमच्या व्यवस्थापनाला दानाची हुक्की आली. गडमुडशिंगीच्या बाजूला एका तालमीच्या हॉलमध्ये काही मंडळी धान्य बँक चालवत होती. महिन्यातून एकदा गरजू घरांना शिधा द्यायचा, एवढं साधं काम होतं. त्यांना आमच्या कामगारांनी धान्य जमवून द्यायचं ठरलं. पोस्टर मी केलं, घोषणा मी लिहिली आणि कोण किती आणतं त्याची खातेनिहाय चढाओढही मीच लावली. लोकांनी गहू-तांदूळ आणले, तूरडाळ आणली, चहापूड, साखर, गोडेतेल आणलं. सगळं चाचांच्या ताब्यात गेलं, कारण कारखान्यात वस्तू ठेवायची म्हणजे ती चाचांकडेच, याबद्दल कुणाच्या मनात दुसरा विचार आला नाही. माझ्याही आला नाही.

स्टोअरच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पिठाची काही पोती होती. पुराच्या वेळी कामगारांनी घरोघरी दळून आणलेलं, वाटून उरलेलं ते पीठ. पोत्यांवर तांबड्या खडूनं जुलैतली तारीख होती. आता शिधा बांधायला घेतल्यावर चाचांनी काय करावं? त्यांनी तीस वर्षं जे केलं तेच केलं. ती पोती पुढं ओढली. पिठाला कुबट वास येत होता आणि हाताला गुठळ्या लागत होत्या. मी नाक मुरडलं, तेव्हा ते जरा थांबले. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या आईनं यापेक्षा वाईट पीठ चाळून भाकऱ्या घातल्यात आमाला. किडं बाजूला, पीठ परातीत. आमी काय मेलो? टाकून दिलं तर पाप लागंल." मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजर यायचे होते. मी म्हटलं, बरं.

तालमीत रांग लागली तेव्हा सगळ्यांत पुढं हौसाक्का होती. आमच्याच कॅन्टीनमध्ये पूर्वी ठेकेदाराकडून झाडलोट करायची. गुडघे गेल्यापासून घरी होती. तिला भरभर चालता येत नसे, म्हणून ती सगळ्यांच्या आधी निघे आणि सगळ्यांच्या आधी पोचे. चाचांच्या हातून शिध्याची पिशवी घेतल्यावर तिनं पिठाची पुडी उघडली, नाकाशी नेली आणि हळूच म्हणाली, "चाचा, वास मारतंय बगा जरा."

"चाळून घे, हौसाक्का," चाचा म्हणाले. "चाळलं की काय न्हाय हुत."

"व्हय व्हय. चाळते की."

मागून मी म्हटलं, "आजी, जरा बाजूला उभ्या राहा, फोटो काढायचाय." साहेबांची गाडी आली होती.

पिठाची पुडी पुढच्या पंधरा-वीस जणांनाच मिळाली. मग पोती तळाला गेली आणि मागच्यांना नवीन गहू गेला. जे पहाटेच निघाले होते, ज्यांच्या घरी खरोखर काही नव्हतं, त्यांच्याच वाट्याला सगळ्यांत जुना माल आला. त्या दिवशी हे आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही.

पाचव्या दिवशी बातमी आली. हौसाक्काला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, सरकारी दवाखान्यात नेलं आणि ती तिथंच गेली. त्याच वस्तीत आणखी तिघं आजारी पडून बरी झाली होती. तिघांच्याही घरी तेच पीठ गेलं होतं. साहेबांनी मला आत बोलावलं. "डॉक्टर काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते की वय झालेलं, अंगात ताकद नव्हती, नेमकं कशानं ते सांगता येणार नाही. "मग अहवालात तेवढंच लिहा," साहेब म्हणाले. मी लिहिलं. 'वार्धक्य व अशक्तपणा' हे शब्द माझ्या अक्षरात त्या फायलीत अजून आहेत. पोत्यांच्या तळाशी उरलेलं पीठ कारखान्यामागं खड्डा काढून पुरून टाकलं.

चाचांनी ते पुरताना पाहिलं. दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "मी तिच्या पोराला सांगून येतो," ते म्हणाले.

"काय सांगणार? डॉक्टरांनाच माहीत नाही."

"डाक्टरानं पीठ न्हाय दिलं. मी दिलं. तिनं वास मारतोय म्हणून सांगितलं, तरीबी दिलं."

मी त्यांना खूप समजावलं. नोकरीचं सांगितलं, निवृत्तीनंतरच्या पैशांचं सांगितलं, शेवटी कारखान्याच्या नावाचंही सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि पायात चपला घालत होते. मग मीही निघाले. सोबत म्हणून नव्हे; त्यांनी जास्त काही बोलू नये म्हणून. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

हौसाक्काचा मुलगा तानाजी मार्केट यार्डात हमाली करतो. पत्र्याच्या खोलीत त्यानं आम्हाला सतरंजी अंथरून दिली. चाचांनी सगळं सांगितलं. पोती कधीची होती, वास कसा होता, हौसाक्का काय म्हणाली, त्यांनी काय उत्तर दिलं. एक शब्द वगळला नाही. माझं नाव मात्र त्यांनी कुठं येऊ दिलं नाही. "बाबा, माझ्या हातनं झालंय," ते म्हणाले. "शिव्या घाल, मार, पोलिसात जा. मी येतो संगट."

तानाजी जमिनीकडं बघत होता. मग म्हणाला, "वय झालतं चाचा तिचं. अंगात ताकद न्हवती. तुमी कशाला मनाला लावून घेताय?" आणि बायकोला म्हणाला, "च्या टाक गं."

मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू? चहाचे दोन घोट घेईपर्यंत माझ्या मनात सगळं प्रकरण मिटलं होतं. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "बघा, त्याच्या मनात काही नाही." चाचा बाहेर बघत होते.

"त्यो मला भ्याला, मॅडम."

"तुम्हाला? स्टोअरकीपरला कोण भितं?"

मला वाटलं, म्हातारा उगाच जिवाला लावून घेतोय.

त्यानंतर चाचांनी खोक्यांवर तारखा टाकणं सोडून दिलं. फोरमन येऊन हवं ते, नवं-जुनं, उचलून न्यायचे आणि चाचा स्टुलावर बसून राहायचे. तपासणीत पहिल्यांदा मुदत संपलेले डबे सापडले, तेव्हा साहेब चिडले आणि चाचा म्हणाले, "असूद्यात की." निवृत्तीला चार महिने होते, त्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा नारळ त्यांनी घेतला, शाल नको म्हणाले. घरी मी दोनदा जाऊन आले. सून सांगायची, जेवण निम्म्यावर आलंय, ताजं वाढलं तर ताजं खातात, शिळं वाढलं तर शिळं, बोलत काही नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. कसबा बावड्याला त्यांच्या घरासमोर कारखान्यातली निम्मी माणसं जमली होती आणि जो तो त्यांच्या शिस्तीबद्दल बोलत होता. मीही बोलले. शिस्तीबद्दलच.

धान्य बँकेला कारखाना अजून शिधा देतो आणि तो कुठल्या घरांना द्यायचा, ती यादी माझ्याकडं असते. चाचांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मला राहवेना. रविवारी एकटीच तानाजीच्या खोलीवर गेले. चाचांनी वगळलेला भाग मी सांगायला आले होते. पिठाचा वास मलाही आला होता, हौसाक्काला फोटोसाठी मी बाजूला केलं होतं आणि तो कागद मी लिहिला होता. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मला दारात बघून तानाजी ताटावरून उठला. हात उष्टाच होता. मी म्हटलं, "तानाजी, तुमच्या आईबद्दल थोडं बोलायचं होतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बायकोनं मुलाला जवळ ओढलं.

"मॅडम," तो म्हणाला, "चाचा आलते तवाबी मी काय बोललो न्हाय. कुनाजवळच कदी बोललो न्हाय." मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "यादीतनं नाव काढलंसा काय आमचं?"