लस कोणत्या हाताला?

लाँड्रीत तिला सगळे डावखुरी म्हणत. लिहायची ती उजव्या हातानं, कारण आईनं लहानपणी पट्टी मारून तशी सवय लावली होती. पण जड इस्त्री मात्र डाव्याच हातात बसायची. नवरा दोन वर्षांपासून परदेशात, पुलाच्या कामावर वेल्डर होता. त्यानं तिला महिनाभर राहायला बोलावलं. त्या देशात जायचं तर आधी लसी घेणं भाग होतं.

"कोणता हात जास्त वापरता?" नर्सनं विचारलं.

ती गोंधळली. नुकतीच कागदावर सही करून आली होती. म्हणाली, "उजवा."

नर्सनं डाव्या दंडात दोन सुया टोचल्या. मग बराच वेळ काहीबाही सांगत होती. दंड दुखेल, थोडा ताप येईल, एवढंच हिच्या कानावर पडलं. बाकीचं डोक्यावरून गेलं. अरे देवा, इस्त्रीचाच हात पुढे केला की आपण!

दुसऱ्या दिवशी दंड लाकडासारखा ताठला. उजव्या हातानं इस्त्री फिरवली तर पँटला दोन-दोन घड्या पडायला लागल्या. कपडे धुणारे काका म्हणाले, "गरम शेक घे." घरी सासूबाई म्हणाल्या, "हात अजिबात हलवू नकोस. हलवलास तर विष अंगभर पसरेल." संध्याकाळी कसकस सुरू झाली. कुणाचं ऐकावं, काही सुचेना. शेवटी तिनं नर्सला फोन लावला.

"गार पाण्याची पट्टी ठेवा. तापाची गोळी घ्या. आणि हात हळूहळू हलवत राहा."

"हलवायचा?"

"हलवायचाच. पण अंगभर पुरळ उठलं, तोंड सुजलं, धाप लागली, तर थांबू नका. लगेच या."

सासूबाई फोनला कान लावूनच बसल्या होत्या. "यांना काय जातंय सांगायला!" म्हणाल्या, आणि स्वतःच उठून पट्टी भिजवून आणली.

दोन दिवसांत हात मोकळा झाला. सुटले एकदाची, असं म्हणते तोवर काही दिवसांनी डोकं ठणकायला लागलं, अंग मोडून आलं. पुन्हा फोन.

"त्यातल्या एका लसीचं असंच असतं, चार-आठ दिवसांनी अंग दुखतं. होईल कमी. सांगितलं होतं मी."

"सांगितलं असेल हो. मीच जागेवर नव्हते."

रात्री नवऱ्याशी बोलताना ती म्हणाली, "अहो, पोटात नुसता गोळा येतोय. हे लसीचं का प्रवासाचं, तेच कळेना."

तो हसला. "मलाही येतोय. आणि मला तर लस घेऊन दोन वर्षं झाली."

निघायच्या दिवसापर्यंत ठणका गेला. गोळा तेवढा राहिला. विमान उतरल्यावर बॅग ओढत ती गर्दीतून बाहेर आली आणि त्याला शोधत थेट त्याच्यासमोरून पुढे गेली.

"अगं, इकडे! मी आहे!"

ती वळली. आवाज रोजचा, ओळखीचा. पण समोर उभा होता एक रोडावलेला, दाढीवाला माणूस. फोनवर नुसताच आवाज यायचा.

"दाढीचं कधी बोलला नाहीत!"

"तू विचारलं नाहीस."

हसावं की रडावं, तिला समजेना. त्यानं बॅग घेतली. ती त्याच्या जरा मागून चालत राहिली, तिरक्या नजरेनं त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघत.