प्रेसखालचा दुधी

नवं शतक नुकतंच उजाडलं होतं. सातपूरच्या एका छोट्या कंपनीत मी मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहायचे. आमचा एक कंट्रोलर जवळच्याच कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसवर होता. एके दुपारी बटण न दाबताच तो प्रेस खाली आला. ऑपरेटर काकांनी हात नुकताच बाहेर घेतला होता, म्हणून वाचले. दुसऱ्या दिवसापासून ते मशीनजवळ जाईनात.

कारण सॉफ्टवेअरमध्येच निघालं. एकच प्रोसेसर स्क्रीनवर आकडे दाखवायचा आणि प्रेसही चालवायचा. स्क्रीनच्या प्रोग्रॅमने मेमरीतली आपली जागा ओलांडून प्रेसच्या जागेत भलतंच काही लिहिलं होतं, आणि प्रेसला वाटलं, खाली जायचा हुकूम आला. मग आम्ही मेमरी प्रोटेक्शन असलेला नवा प्रोसेसर घेतला. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या जागेत लिहायला घेतलं की प्रोसेसर त्याला तिथेच अडवणार आणि प्रेस थांबणार.

चाचणीसाठी मी स्क्रीनच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम तीच चूक घातली. काकांनी मळ्यातून दुधी आणला होता. तो प्रेसखाली ठेवत म्हणाले, "हा माझा हात समजा."

मी ती चूक घडवणारी कळ दाबली. प्रेस धाडकन खाली आला. दुधीचा चेंदामेंदा झाला, पाणी माझ्या ओढणीवर उडालं. काका नुसते आपल्या पंज्याकडे बघत उभे होते.

मी मेमरीतल्या हद्दी बरोबर आखल्या होत्या, पण सगळे प्रोग्रॅम पूर्ण अधिकार देऊन चालवले होते, आणि तसा अधिकार असलेल्याला हा प्रोसेसर अडवतच नाही. स्क्रीनच्या प्रोग्रॅमचा तो अधिकार काढून घेतला. तरी वाटत होतं, अजून काय राहिलं असेल? प्रेसच्या जागेच्या सुरुवातीला, मधे, अगदी शेवटच्या टोकाला लिहून बघितलं. ऑफिसातल्या टेबलावर नुसता कंट्रोलर ठेवून केलेल्या या चाचणीत सगळीकडे अडवणूक झाली, पण टेबलावर प्रेस नव्हता.

पुन्हा कारखान्यात गेलो. नवा दुधी ठेवला. कळ दाबताना माझे डोळे मिटले होते. आवाज आला नाही. लाल दिवा लागला होता, प्रेस वरच होता.

काकांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही घालाल का हात?"

कारखान्याचे मॅनेजर माझ्याकडेच बघत होते. "नाही," मी म्हणाले. "तुम्हीही घालू नका. मला सुचल्या तेवढ्याच चुका मी तपासल्यात."

"बरं झालं सांगितलं. बाकी सगळे म्हनतात, काय नाय होनार." मग ते मॅनेजरकडे वळले. "प्रेसपुढं जाळी लावा साहेब. जाळी उघडली की प्रेस खाली आणनाऱ्या व्हॉल्व्हची वीजच तुटली पायजे."

साहेब कुरकुरले, पण जाळी लागली. ती बसल्यावरच काका कामावर आले. मात्र त्या कारखान्याचा फोन आला की मी हातातलं काम सोडून उठायचे, आणि पलीकडचा माणूस बिलाबद्दल बोलतोय हे कळेपर्यंत उभीच राहायचे.