लंकाबाईंचा कासोटा

सासूची सेवा करावी, पण इतकीही करू नये की सासूचा खांदा आखडून बसावा. हे मी शेजारच्या प्रतिभाला तोंडावर सांगितलं, तेव्हा तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. धरू दे. खरं होतं ते.

तिच्या सासूबाई म्हणजे लंकाबाई. आमच्या पिंपळगावात द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून घड विरळण्यात त्यांची हयात गेली. नेसणं नऊवारी लुगडं. निऱ्या पायांमधून मागे घेऊन कासोटा स्वतःच खोचायचा, झटक्यात. गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा दुखायला लागला, तर घरचे म्हणाले, आराम करा, हात हलवू नका. मग प्रतिभा त्यांचा अंबाडा घालू लागली, कासोटाही तीच मागून खोचू लागली. दिवाळीपर्यंत तो हात कमरेच्या मागे जाईनासाच झाला.

नातीचं, तेजलचं, लग्न वैशाखातलं ठरलं आणि प्रतिभाने सासूसाठी नाशिकहून शिवलेली नऊवारी आणली. पायजम्यासारखी चढवायची, मागे कासोटा आयता. लंकाबाईंनी ती उलटीसुलटी पाहिली आणि बाजूला टाकली.

"मी लग्नात माझं लुगडं नेसणार. माझ्या हातानं. मागं कुणी उभं ऱ्हायचं नाय."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेल्या. तिथली हर्षाली मॅडम तेजलच्याच वयाची. तिने एका हाताचा तळवा पसरला आणि त्यावर दुसऱ्या हाताची मूठ ठेवून फिरवली.

"आजी, दंडाच्या हाडाचं टोक असं गोल असतं आणि खांद्याची खोबण बशीसारखी उथळ. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. पण सांध्याभोवती एक पिशवी असते, ती आखडली की सगळं जाम. तुम्हाला साखरेचा त्रास, त्यात हात नुसता ठेवून दिला."

"म्हंजे हलवायचा व्हता?"

"सोसेल तेवढा. पण रोज."

त्या दिवसापासून लंकाबाई भिंतीवर बोटं चढवू लागल्या. होळीच्या सुमारास हात फडताळाच्या वरच्या फळीला लागला, तेव्हा त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दवाखान्यात मॅडमने मात्र त्यांच्या खांद्याचा फरा, पाठीवरचं ते पसरट हाड, तळव्याने दाबून धरला आणि म्हणाली, "आता उचला." हात कपाळाशीच अडला.

"हात थोडाच वर गेला आजी, बाकी फरा उचलला गेला. एक सांधा हलेना की शरीर शेजारच्याला कामाला लावतं."

"सुनेला लावतं तसं," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

वर आणखी ऐकायला मिळालं की कासोट्याला हात वर जाऊन भागत नाही. दंड आतल्या बाजूला वळून मागे जायला हवा, आणि ते काम वेगळ्या स्नायूंचं. लंकाबाई रिक्षात रडल्या. एवढं केलेलं पाण्यात गेलं असं त्यांना वाटलं, आणि मलाही वाईट वाटलं.

पण सकाळी त्यांच्या घरातून शिव्या ऐकू आल्या. डोकावून पाहिलं तर पाठीमागे पंचा उभा धरलेला, वरून डावा हात ओढतोय, खाली उजवा कण्हतोय, आणि लंकाबाई स्वतःच्या खांद्याला नाही नाही ते बोलतायत. प्रतिभा धावत गेली की ओरडायच्या, "तू भायेर व्हय!" असं रोज चाललं. चैत्रात अंगठा कमरेच्या मणक्याला लागला. तिथून कासोटा खोचायला हात वळवायचा, बोटांनी जोर लावायचा, तेही पुन्हा शिकावं लागलं.

लग्नाच्या सकाळी खोलीची कडी आतून. दारात गाडी हॉर्न मारतेय, प्रतिभा दार वाजवतेय. मी पायरीवर बसून होते.

दार उघडलं. लंकाबाईंच्या केसांशी घाम होता. कासोटा खोचलेला होता, जरा उजवीकडे, जरा खाली. प्रतिभाचा हात सवयीने तो सारखा करायला गेला.

"हात लावू नको," लंकाबाई म्हणाल्या. मग थांबल्या आणि तिच्याकडे पाठ केली. "नाय, लाव. ओढून बघ."

प्रतिभाने आधी हळू ओढला, मग जोर लावून ओढला. कासोटा सुटला नाही.